कर्ता कोण, अधिकरण कोण?
स्त्री-पुरुषांच्या कामेच्छेविषयीच्या एका जुन्या वादाचा मागोवा

स्त्रीची कामेच्छा पुरुषाइतकीच असते, की कमी, की जास्त? चारचौघांत हा प्रश्न निघाला की काही जण हसून विषय बदलतात आणि उरलेल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. हे उत्तर कुठून आले, असे विचारले तर मात्र फारसे कुणाला सांगता येत नाही. मला त्या उत्तरांपेक्षा त्यांच्या इतिहासाचे कुतूहल अधिक. ती कोणी दिली, कशाच्या आधारावर दिली आणि पुढे त्यांचा उपयोग कशासाठी झाला, याचा शोध घेत मी काही वर्षे ग्रंथ चाळतो आहे. मी संस्कृतचा पदवीधर नाही, वकील नाही, डॉक्टरही नाही. नोकरी सांभाळून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचणारा माणूस आहे. तेव्हा इथे जे मांडतो आहे ते एका वाचकाचे टिपण समजावे.

या टिपणाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. या प्रश्नाची उत्तरे काळाप्रमाणे पार उलटसुलट झाली. स्त्री कामांध आहे असेही ठामपणे सांगितले गेले आणि स्त्रीला कामेच्छा जवळजवळ नसतेच असेही तितक्याच ठामपणे सांगितले गेले. उत्तर फिरले, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बहुधा एकच राहिला : तिच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ठरवावे.

वात्स्यायनाच्या दरबारातला खटला

आपल्याकडे हा वाद सर्वांत नेटकेपणाने मांडलेला सापडतो तो कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायात. कामसूत्र म्हणजे आसनांची जंत्री, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा. ग्रंथाचा काळ साधारणपणे इसवी सनाचे तिसरे शतक मानतात. सातवाहन कुळातल्या कुंतल शातकर्णीच्या हातून राणी मलयवतीचा मृत्यू ओढवल्याचा उल्लेख त्यात येतो, त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही.

या अध्यायात वात्स्यायन स्त्री-पुरुषांचे प्रकार सांगतो. शरीराच्या मापावरून, आवेगावरून आणि लागणाऱ्या वेळेवरून. वेळेचा मुद्दा आला की थांबतो आणि सांगतो, की स्त्रीच्या बाबतीत इथे मतभेद आहे. मग एखाद्या न्यायसभेसारखे पूर्वपक्ष-उत्तरपक्ष सुरू होतात.

पहिला पक्ष औद्दालकी श्वेतकेतूचा. त्याचे म्हणणे असे, की पुरुषाला ज्या प्रकारचे सुख मिळते तसे स्त्रीला मिळत नाही. पुरुषामुळे तिची कंडू शमते, त्यात मनाने मानलेल्या सुखाची भर पडते आणि त्यातून एक निराळाच रस तयार होतो. त्यालाच ती सुख समजते. यावर लगेच प्रश्न येतो : हे तुला कळले कसे? एकाचे सुख दुसऱ्याला जाणताच येत नाही, तुझे सुख कसे असते असे विचारून त्याचे उत्तरही मिळण्याजोगे नाही. औद्दालकीचे उत्तर : पुरुष आपले सुख मिळाले की आपल्यापुरता थांबतो, तिची वाट बघत नाही, स्त्री तशी थांबत नाही, यावरून कळते.

पण मग स्त्रियांना दीर्घकाळ टिकणारा पुरुष आवडतो आणि लवकर आटोपणाऱ्याचा राग येतो, त्याचे काय? तिला सुखाचा शेवट गाठायचा असतो, याचाच हा पुरावा नव्हे का? त्यावर उत्तर : कंडू बराच वेळ शमत राहिली तर तेही प्रियच असते, त्यामुळे या पुराव्याने काही सिद्ध होत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच निरीक्षणातून दोन निष्कर्ष निघत असतील तर ते निरीक्षण कामाचे नाही. शास्त्राची ही शिस्त पाहून मी पहिल्यांदा वाचताना चकितच झालो.

दुसरा पक्ष बाभ्रव्याच्या अनुयायांचा. त्यांच्या मते स्त्रीला आरंभापासून अखंड सुख मिळत राहते, पुरुषाला मात्र शेवटीच. आधार काय? तिला सुख मिळाले नाही तर गर्भच राहणार नाही. यावर आक्षेप असा, की सुख अखंड असेल तर सुरुवातीला ती थंड का असते, मग वाढत का जाते आणि शेवटी थांबावेसे का वाटते? बाभ्रवीय कुंभाराच्या चाकाचा आणि भोवऱ्याचा दाखला देतात. चाक एकच फिरत असते, पण सुरुवातीला संथ असते, मग वेग घेते.

शेवटी वात्स्यायन स्वतः बोलतो. स्त्री आणि पुरुष एकाच जातीचे जीव, दोघे एकाच कार्यात गुंतलेले. मग फळ वेगळे कसे मिळेल? वेगळेपण आहे ते साधनात आणि अभिमानात, म्हणजे स्वतःविषयीच्या जाणिवेत. पुरुष कर्ता आहे आणि स्त्री अधिकरण, म्हणजे क्रिया जिच्या ठायी घडते ती. त्यामुळे 'मी हिला वश करतो आहे' असे त्याला वाटते आणि 'याने मला वश केले आहे' असे तिला वाटते. मात्र सुख दोघांचे सारखेच. एकमेकांना टक्कर देणारे एडके, एकमेकांवर आपटलेली कवठे, झुंजणारे मल्ल हे दाखलेही या चर्चेत येतात. टक्कर दोघांनाही बसते. आणि यातून तो व्यवहाराचा नियम काढतो : सुख सारखे आहे, म्हणून स्त्रीला ते आधी मिळेल असे पुरुषाने वागावे.

पुरुषांनीच पुरुषांसाठी चालवलेल्या या खटल्यात निकाल स्त्रीच्या बाजूने लागला, ही मोठीच गोष्ट आहे. पण साक्षीला एकही स्त्री नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. याच ग्रंथात प्रांतोप्रांतीच्या स्त्रियांच्या आवडीनिवडी दिल्या आहेत. त्यात महाराष्ट्रातल्या स्त्रिया चौसष्ट कलांच्या शौकीन, शिवराळ बोलणे आवडणाऱ्या आणि शय्येवर धसमुसळ्या, असे प्रमाणपत्र आपल्याला मिळाले आहे. वाचून गंमत वाटते. पण ही माहिती कोणी, कुणाला विचारून जमवली, हा प्रश्न काही सुटत नाही.

दोन्ही जन्म भोगलेले साक्षीदार

एकाचे सुख दुसऱ्याला कळत नाही, ही औद्दालकीसमोरची अडचण प्राचीनांना चांगलीच जाणवली होती. तिच्यावर कथाकारांनी नामी तोडगा काढला : दोन्ही शरीरे अनुभवलेला साक्षीदारच उभा करायचा.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्माला हाच प्रश्न विचारतो, आणि ब्रह्मचारी भीष्म भंगास्वन राजाची गोष्ट सांगतो. राजाने पुत्रांसाठी केलेला यज्ञ इंद्राला खटकला. राजाला शंभर पुत्र झाले, पण पुढे शिकारीत इंद्राने त्याला भुलवले आणि एका सरोवरात स्नान करताच तो स्त्री झाला. वनात एका तपस्व्यापासून त्या स्त्रीला आणखी शंभर पुत्र झाले. इंद्राने दोन्ही पुत्रगटांत कलह लावला आणि सारे मारले गेले. शेवटी प्रसन्न झाल्यावर त्याने विचारले, कोणते शंभर जिवंत करू? ती म्हणाली, स्त्री असताना झालेले, कारण स्त्रीची माया अधिक. इंद्राने सगळेच उठवले आणि पुन्हा पुरुष करू का, असे विचारले. तिने नकार दिला. कारण विचारल्यावर सांगितले, की समागमात स्त्रीचे सुख अधिक असते.

ग्रीकांच्या टायरेसियसची कथा याची जणू बहीणच. तोही काही वर्षे स्त्री होऊन जगला. झ्यूस आणि हेरा यांच्यात याच प्रश्नावर वाद झाला तेव्हा त्याला साक्षीला बोलावले. सुखाचे दहा भाग केले तर नऊ स्त्रीचे, असे त्याने सांगितले आणि हेराने चिडून त्याला आंधळे केले. देवी एवढी का चिडली, हे मला बराच काळ कळत नव्हते. पुढचा इतिहास वाचल्यावर कळू लागले. हे गुपित बाहेर फुटणे स्त्रियांच्या हिताचे नव्हते.

अधिक म्हणा की उणे म्हणा

कारण 'अधिक' या उत्तराचे पुढे काय झाले ते पाहा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रिया रूप पाहत नाहीत, वय पाहत नाहीत, पुरुष आहे एवढ्यावर भुलतात असे सांगितले आहे. आणि त्यातून निघालेला आदेश म्हणजे त्यांना रात्रंदिवस राखावे. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस चेटकिणींचा छडा लावण्यासाठी लिहिलेल्या 'मॅलियस मॅलेफिकारम' या कुप्रसिद्ध ग्रंथात साऱ्या चेटुकाचे मूळ स्त्रीच्या न भागणाऱ्या वासनेत दाखवले आहे. परिणाम सर्वांना ठाऊक आहे.

बाभ्रवीयांचा तो गर्भधारणेचा युक्तिवादही आठवावा. युरोपातल्या जुन्या वैद्यकातही गॅलेनपासून अशीच समजूत होती, की स्त्रीला सुख झाल्याशिवाय गर्भ राहत नाही. वरवर स्त्रीला मान देणारी ही कल्पना कायद्यात शिरली तेव्हा तिचे भयंकर रूप झाले. तेराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी कायदेग्रंथात असे येते, की बलात्काराची फिर्याद करणाऱ्या स्त्रीला त्या संबंधातून दिवस गेले असतील तर फिर्याद टिकत नाही. गर्भ राहिला म्हणजे तिची संमती होती. शतकानुशतके ही समजूत डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या डोक्यात घर करून राहिली.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वारे फिरू लागले. १८५७ साली प्रथम निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत लंडनचे डॉक्टर विल्यम ॲक्टन यांनी लिहिले, की बहुसंख्य स्त्रियांना कामभावनेचा फारसा त्रास नसतो, आणि हे समाजाचे भाग्यच आहे. त्यांच्या काळात याच्या उलट लिहिणारे डॉक्टरही होते, पण सभ्य घरांना ॲक्टन मानवले. आता स्त्री राखायची होती ती तिच्या वासनेपासून नव्हे, तर तिच्या पावित्र्यासाठी. घराचे दार तेच, कुलूपही तेच. फक्त कारण बदलले.

याच काळात, १८८३ साली, रिचर्ड बर्टन आणि अर्बथनॉट यांनी कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर खाजगीरीत्या छापले. त्यामागचे पांडित्य मुंबईच्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे आणि शिवराम परशुराम भिडे यांचे होते, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसते. त्या भाषांतरात औद्दालकीचा सुखाविषयीचा वाद स्खलनाविषयीचा वाद होऊन बसला आहे. शास्त्राने विचारलेला प्रश्न भाषांतरात असा आकसला.

आपल्या घरचे कज्जे

महाराष्ट्रात या प्रश्नाला वाचा फुटली ती शास्त्रचर्चेतून नव्हे, कोर्टकचेऱ्यांतून. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी होऊन काळे पाणी झाले. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर ताशेरे झाडले गेले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिले. ज्या ज्या दुर्गुणांचे खापर स्त्रीवर फोडता ते पुरुषांत कमी आहेत का, हा त्यांचा सरळ सवाल. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या पोरीचे मन दुसरीकडे गेले तर नवल काय, हेही त्या विचारतात. मी वाचलेल्या या सगळ्या वादात स्त्रीने स्वतः उभे राहून दिलेली ही पहिली साक्ष. ती पुढे जवळजवळ विसरली गेली, स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत दादाजी भिकाजी यांनी बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ साली हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि त्या पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. इच्छा किती, कमी की जास्त, या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते. इच्छा नसण्याचा हक्कही इच्छेचाच भाग आहे. रखमाबाईंचा खटला त्या हक्काचा होता.

इच्छा असण्याचा हक्क मराठीत उघडपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. जुलै १९२७ पासून निघालेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात स्त्रीलाही कामसुखाचा अधिकार आहे, हे ते सतत लिहीत राहिले. १९३१ साली व्यभिचाराविषयीच्या लेखावरून त्यांच्यावर खटला झाला, दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या बचावाचा गाभा. हाही खटला कर्वे हरले. पण त्या खटल्यातला खरा गुन्हा कोणता होता? सामान्य माणसे प्रश्न विचारतात आणि कुणीतरी त्यांना सरळ उत्तर देतो, एवढाच.

कलम ४९७ : कर्ता आणि अधिकरण

वात्स्यायनाची 'कर्ता' आणि 'अधिकरण' ही जोडी मला पुन्हा भेटली ती अनपेक्षित ठिकाणी, भारतीय दंड संहितेत. वात्स्यायन वाचून कुणी कायदा लिहिला असे मला सुचवायचे नाही. पण विचार तोच आहे.

मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. या देशातल्या स्त्रियांची बालपणी होणारी लग्ने आणि सवतींची घरे पाहता त्यांना शिक्षा करणे अन्यायाचे होईल, असे त्याने नोंदवले होते. १८६० च्या संहितेत मात्र कलम ४९७ आले. परक्याच्या पत्नीशी, त्या पतीच्या संमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. स्त्रीला शिक्षा नाही. पतीची संमती असेल तर गुन्हा नाही. आणि पत्नीला मात्र पतीविरुद्ध या कलमाखाली काहीच करता येत नाही. स्त्रीला शिक्षा नाही, ही सवलत वाटते. पण ती मिळते कारण कायद्याच्या लेखी ती काही करतच नाही. क्रिया तिच्या ठायी घडते, एवढेच.

१९५४ साली युसुफ अब्दुल अझीझ विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. १९८५ साली सौमित्री विष्णू खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीही ते कायम ठेवले. भुलवणारा पुरुषच असतो, ही सर्वमान्य समजूत त्या निकालात आधाराला आली. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाईन खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केले, आणि त्या पाचांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांच्या निकालात स्त्री अधिकरण होती, मुलाच्या निकालात ती कर्ती झाली. मराठी माणसाने हा पितापुत्रांचा संवाद अभिमानाने वाचावा असा आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीशी तिच्या इच्छेविरुद्ध पतीने ठेवलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येबाहेरच आहे. रखमाबाईंचा प्रश्न अजून सुनावणीला आहे.

शेवटी तिलाच विचारले

स्त्रियांनाच विचारण्याची कल्पना पद्धतशीरपणे अमलात आली ती फार उशिरा. अमेरिकेत क्लीलिया मोशर या विद्यार्थिनीने १८९२ मध्ये विवाहित स्त्रियांना प्रश्नावली द्यायला सुरुवात केली. पुढे डॉक्टर झाल्यावरही ती हे काम करत राहिली. एकूण ४५ स्त्रियांची उत्तरे जमली, आणि ती तिने कधी छापली नाहीत. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दप्तरात इतिहासकार कार्ल डेग्लर यांच्या हाती ती लागली. ॲक्टनच्या काळात वाढलेल्या या सुशिक्षित स्त्रियांपैकी ३५ जणींनी पतीच्या इच्छेशिवायही आपल्याला स्वतःची इच्छा होते, असे लिहिले होते. नऊ जणींना ती क्वचित होई किंवा होत नसे. नमुना लहान आहे, वर्गही एकच आहे. पण ज्यांच्याविषयी डॉक्टर ग्रंथ लिहीत होते त्या स्वतः काही निराळेच सांगत होत्या.

विचारले म्हणजे खरे उत्तर मिळते असेही नाही. २००३ साली अलेक्झांडर आणि फिशर या संशोधिकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या जोडीदारांची संख्या विचारली. उत्तर दुसऱ्याच्या नजरेला पडेल असे वाटत असताना मुलींची सरासरी २.६ आली. खोटे पकडणारे यंत्र जोडले आहे असे सांगितल्यावर ती ४.४ झाली. मुलांच्या उत्तरात फारसा फरक पडला नाही.

तसेच, इच्छा आणि कृती यांतला फरक. १९७८ आणि १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यापीठात क्लार्क आणि हॅटफील्ड यांनी अनोळखी माणसाकरवी तरुण-तरुणींना सरळ शय्येचे निमंत्रण दिले. सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक तरुण तयार झाले, तरुणी एकही नाही. पुष्कळांना यात प्रश्नाचा निकाल लागल्यासारखा वाटला. २०११ साली टेरी कॉन्ली यांनी दाखवले, की त्या नकारामागे धोक्याची शंका आणि अशा परक्याकडून सुख मिळेल याची खात्री नसणे, याचा वाटा मोठा आहे.

हे वाचताना मी परत कामसूत्रापाशी आलो. पाचव्या अधिकरणात गोणिकापुत्राचे मत दिले आहे : देखणा पुरुष दिसला की स्त्रीला इच्छा होते, तशीच पुरुषालाही स्त्री दिसली की होते, पण काही विचार करून ती पुढे पाऊल टाकत नाही. मग त्या विचारांची लांबलचक यादी येते. पतीवरचे प्रेम, मुलांची काळजी, एकांत नसणे, हा अपमानाने बोलावतो याचा राग, हा मित्रांजवळ बोलेल ही शंका, कळले तर नातलग टाकतील ही भीती, इतकेच काय, नवऱ्यानेच परीक्षा घ्यायला पाठवला असेल हा संशय. इच्छा मोजायची तर आधी ही यादी वजा करावी लागते, हे कॉन्लीच्या आधी सतरा-अठराशे वर्षे कुणाला तरी सुचले होते.

मग आजचे शास्त्र काय म्हणते? २०२२ साली २११ अभ्यासांतल्या सहा लाखांहून अधिक माणसांच्या उत्तरांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सरासरी पाहिली तर पुरुषांची कामेच्छा अधिक, आणि हा फरक मध्यम ते मोठा, असा त्याचा निष्कर्ष. तो टाळू नये, आपल्या मताला गैरसोयीचा म्हणून दडवूही नये. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा, की साधारण चारातल्या एका स्त्रीची इच्छा मधल्या पुरुषापेक्षा अधिक असते. म्हणजे समोरची व्यक्ती स्त्री आहे एवढ्यावरून तिच्याविषयी काही ठरवायला गेलात तर वारंवार चुकाल. सरासरी हा लोकसंख्येचा गुण आहे, माणसाचा नाही.

म्हणून मला वात्स्यायनाच्या निकालातला सिद्धांतापेक्षा त्यातून काढलेला नियम टिकाऊ वाटतो. सुख सारखे की वेगळे, यावर पंडित आणखी हजार वर्षे भांडोत. तिच्याकडे लक्ष द्या, हा नियम त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. त्यात आपण आपल्या काळाची एकच भर घालायची आहे : लक्ष देण्याआधी विचारावे, आणि 'नाही' हेही पूर्ण उत्तर मानावे.